शेणाचे बारा गोळे आणि माझा एक फोन

कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला, पण सांगतो. तीस वर्षं बातमीदारी केली, भल्याभल्या साहेबांना घाम फोडला, आणि माझी फजिती झाली ती शेणावरून.

गारखेड्यात माझ्या घरासमोर मोकळं मैदान आहे. त्याच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या ढिगावर मी किती बातम्या लिहिल्या, विचारू नका. दोन महिन्यांपूर्वी बाहेरगावाहून परतलो, सकाळी बघतो तर मैदानात शेणाचे बारा गोळे, ओळीनं मांडलेले. प्रत्येकाशेजारी नंबराची काडी. म्हणजे घाण करायची ती करायची, वर तिला नंबर द्यायचे? सफाई निरीक्षकाला फोन लावला. "तासाभरात उचललं नाही, तर उद्या फोटोसकट छापतो."

मग उस्मानपुऱ्यात डॉक्टर साळवेबाईंच्या मुलाखतीला गेलो. बाईंनी सारी हयात शेणकिड्यांमागं घालवलेली. हे किडे शेण जमिनीत गाडतात, म्हणून रान साफ राहतं. हे काम खेड्यात किती दिवसांत होतं आणि शहरात किती, ते बाई बघत होत्या. देवगाव रंगारीच्या, म्हणजे खेड्यातल्या, नोंदी झाल्या होत्या. शहराच्या नोंदींचा आज शेवटचा दिवस.

"घरचे काय म्हणायचे?"

"सासूबाई म्हणायच्या, शेणच बघायचं होतं तर एवढं शिकलीस कशाला?"

वा, मथळा मिळाला. मी खूश.

"चला, प्रत्यक्षच दाखवते. इथंच, गारखेड्यात."

माझं पेन थांबलं. रिक्षा थेट माझ्या घरासमोर थांबली.

मैदानात निरीक्षक काड्यांची जुडी घेऊन हजर. "बघा साहेब, चकाचक. पावडर बी मारली. लई किडे होते."

बाईंनी खाली बसून एक मेलेला किडा तळहातावर घेतला. "चार महिने गेले माझे. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"हे काय, तुमच्यासोबतच आलेत."

कोपऱ्यातला कचरा जागच्या जागी होता. विषय बदलावा म्हणून मी गुरकावलो, "आणि तो ढीग?"

"त्याचं तुम्ही आज कुठं बोललात, साहेब?"

बाई उठल्या. "पावडर धुऊन गेली की पुन्हा पहिल्यापासून. दर आठवड्याला ताजं शेण लागेल." आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

तेव्हापासून गोठ्यातून बादली मीच आणतो. काल निरीक्षकाचा फोन आला. "साहेब, तुमच्या मैदानात कुणी म्हातारा बादलीनं शेण टाकतोय, अशी तक्रार आलीय. फोटो बी आलाय, पण तोंड दिसत नाय. तुम्ही छापता का?"