दोन्ही हातांवर दही

आत्ता केलेली गोष्ट पुन्हा एकदा कर असं कुणालाही, मग तो पोस्टमन असो नाहीतर सर्जन, सांगावं आणि त्यानं ती निमूटपणे करावी, ही विद्या परमेश्वरानं आजवर एकाच माणसाला दिली आणि तो लीड्समध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून राहत होता. आज वर्तमानपत्रं त्याला कोरियाचा थोर दिग्दर्शक म्हणतात. तेव्हा तो आमचा नुसता शेजारी होता. त्याची बायको युनिव्हर्सिटीत पीएचडी करायची आणि हा घरी भांडी घासायचा, कचऱ्याचे बिन्स बाहेर ठेवायचा आणि उरलेला वेळ माणसांकडे बघत बसायचा.

आणि बघणं तरी कसं! एकदा आमच्या पोस्टमननं फाटक ढकललं, पत्रं टाकली आणि निघाला. तर कुंपणापलीकडून हा म्हणतो, "वन मोअर, प्लीज." पोस्टमन पक्का यॉर्कशरचा. "यू ऑल राइट, लव्ह?" म्हणाला खरा, पण गेला परत फाटकापर्यंत आणि तस्साच पुन्हा चालत आला! मी विचारलं, "अरे, पण तुझा कॅमेरा कुठाय?" तर म्हणे, विकला. माझा नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्याला यानं एकदा चहा पिता पिता विचारलं, "पेशंटला वाईट बातमी सांगताना तुमचे हात कुठे असतात?" नवरा उडवून लावायला गेला आणि मध्येच स्वतःच्या हातांकडे बघायला लागला. खिशात असायचे. त्या दिवसापासून त्यानं ते बाहेर काढले. मी इतकी वर्षं संसार करून जे मला दिसलं नव्हतं, ते या गृहस्थाला एका कपात दिसलं. आता याला काय म्हणायचं, सांगा!

पण त्याची खरी गट्टी जमली ती माझ्या सासूबाईंशी. सासरे गेल्यावर त्या पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या. त्या त्याच्याशी शुद्ध मराठीत बोलत, तो मोडक्या इंग्रजीत उत्तरं देई आणि दोघांचं काही म्हणता काही अडत नसे. आमचं ऐकून तोही त्यांना "आई" म्हणायचा. त्या पोळ्या लाटायला बसल्या की हा स्वयंपाकघराच्या स्टुलावर हजर. पोळी तव्यावर पडली की, "वन मोअर, प्लीज." एकदा सासूबाई ओरडल्या, "अरे मेल्या, कणीक संपली!" पण पुन्हा मळली हो त्याच्यासाठी. माझ्यासाठी कधी मळली असती तर शपथ!

हा असा घरी का बसलाय ते पुढे त्याच्या बायकोनं सांगितलं. तिकडे त्यानं एक पिक्चर काढला होता. वर्षानुवर्षं खपून काढला आणि आठवड्याच्या आत थिएटरांतून उतरला. त्यानंतर सोलमध्ये कुणी त्याचा फोन घेईना. आणि मग अचानक एका निर्मात्याचा निरोप आला, ये, एक शेवटची संधी देतो. हाही पिक्चर बुडाला तर मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात बसायचं, असा शब्द त्यानं बायकोला दिला होता. निरोप आल्यापासून त्याचं "वन मोअर" बंदच झालं. स्टुलावर यायचा, पण नजर आपली जमिनीला. एवढा कसलेला माणूस, पण इतका घाबरलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी दारात उभी असताना तो निरोप घ्यायला आला. तोंड पांढरंफटक. सासूबाई "थांब रे जरा" म्हणून जिना चढून गेल्या. लीड्सच्या थंडीत दही कुठलं लागायला! म्हणून त्यांनी एअरिंग कपबोर्डमध्ये, गरम पाण्याच्या टाकीला चिकटून, टॉवेलांत गुंडाळून पातेलं ठेवलेलं असायचं. माझ्या नवऱ्याच्या प्रत्येक परीक्षेला त्याच पातेल्यातलं दही. मी नेहमी हसायची. "उजवा हात कर बाळा," पातेलं घेऊन खाली आल्यावर त्या म्हणाल्या. आता कोरियात थोरांकडून काही घ्यायचं तर दोन्ही हातांनी. एका हातानं घेणं म्हणजे उद्धटपणा. त्यामुळे हा कमरेत वाकला आणि त्यानं दोन्ही तळवे पुढे केले. सासूबाई क्षणभर गोंधळल्या आणि दोन्हींवर एकेक चमचा दही घातलं, वर साखर. तो दोन्ही तळवे गंभीरपणे चाटत उभा, पासपोर्ट बायकोनं त्याच्या खिशात कोंबला, बॅग माझ्या नवऱ्यानं उचलली. "मागे वळून बघू नकोस," असं बजावलेलं त्याला कळलं नाही, तो पार कोपऱ्यापर्यंत मागेच बघत गेला. मी म्हटलं, "आई, डाव्या हातावर कुणी देतं का दही?" तर म्हणाल्या, "अगं, पुढे केलेला हात रिकामा कसा ठेवायचा?"

तो पिक्चर चालला. नुसता चालला नाही, देशोदेशी गाजला. त्याच्या पुढचा त्याहून गाजला. बायको पीएचडी आटोपून त्याच्याकडे गेली आणि कित्येक वर्षांनी तो लीड्सला आला तो फेस्टिवलचा पाहुणा म्हणून. आम्ही दोघं गेलो. पडद्यावर एक मुलगा बोटीवर कामाला निघतो, म्हातारी आई दारात येते, तो दोन्ही हात पुढे करतो आणि ती दोन्हींवर चमच्यानं पांढरंशुभ्र काहीतरी घालते. माझा नवरा अंधारात माझा हात धरून बसला. सिनेमा संपल्यावर एका दाढीवाल्या विद्वानानं विचारलं, "हा प्राचीन कोरियन विधी आहे का?" तो म्हणाला, "नो. लीड्स." सगळं थिएटर हसलं. आम्हाला काही हसू आलं नाही.

थिएटरातल्या गर्दीत त्याची भेट झालीच नव्हती; दुसऱ्या दिवशी सकाळी तो विमानतळावर जाता जाता घरी आला. नव्या पिक्चरचं शूटिंग पुढच्याच आठवड्यात सुरू होणार होतं. दारातूनच हाक मारली, "आई?" मला सांगावं लागलं की त्या गेल्या हिवाळ्यात गेल्या. तो स्टुलावर बसून राहिला. मग उठला, जिना चढून गेला आणि त्यानं एअरिंग कपबोर्ड उघडलं. आत नुसते टॉवेल होते. खाली येऊन त्यानं माझ्यापुढे हात पसरले. म्हटलं, "अरे, मी नाही रे, हे आई करायच्या!" पण तो हलेना. एवढी जगानं डोक्यावर घेतलेली असामी, पण चेहरा तोच, टॅक्सीच्या दिवसाचा. आणि या घरात दही द्यायला आता माझ्याशिवाय होतं तरी कोण? फ्रिजमध्ये सुपरमार्केटचा डबा होता. साखर शोधली. डोळे भरून आले होते, नीट दिसतसुद्धा नव्हतं. रीत म्हणून उजव्या तळव्यावर चमचाभर घातलं आणि डबा बंद करायला लागले.

तो डावा हात तसाच पुढे धरून उभा होता.

"वन मोअर, प्लीज," तो म्हणाला.