भट्टीचा रंग

डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या माणसाच्या भुवया जळालेल्या होत्या. "गणित कधी जमलं नाही, म्हणून ओतकामाच्या कारखान्यात शिरलो," तो म्हणाला. "तीस वर्षं भट्टीत बघून सांगतोय. लोखंड पिवळं दिसलं की थांबायचं, पांढरं झालं की ओतायचं. परवा मात्र थांबलो तो थांबलोच. सगळा माल वाया गेला."

गणित नको म्हणणाऱ्या पोरांना आपण सहज सांगतो, हाताचं काम शिका. तिथे मोजायला माणसाचं शरीरच वापरतात आणि तेही झिजतं, हे सांगत नाही.

समोरच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे बघत त्याने हळूच विचारलं, "ही भिंत पिवळी आहे ना?"

मी हो म्हणालो. नाहीतरी खरं सांगायला आत डॉक्टर बसलेलेच होते.