दुसऱ्यांचा झुरका

आमच्या गावच्या परमिट रूममध्ये त्या दुपारी दोनच टेबलं भरलेली होती, त्यांतलं एक माझं. शेजारच्या टेबलावरच्या तरुणाने खिशातून पेनासारखी ई-सिगारेट काढली आणि आंब्याच्या वासाचा एक ढग सोडला. तिथले सगळ्यांत जुने वेटर शंकरराव त्याच्याजवळ गेले.

"साहेब, बाहेर जाऊन ओढा."

"काका, हा धूर नाही. नुसती वाफ आहे."

"मग ती पोटातच ठेवा. इथं सोडू नका."

गल्ल्यावरून मालकांनी 'राहू दे' असा हात केला. शंकररावांनी तो पाहिला, हातातला ट्रे खाली ठेवला आणि दार उघडून ते धरून उभे राहिले. तरुण उठून बाहेर गेला.

बारमधल्या धुरावर मी पुष्कळ वाद ऐकलेत, हिरिरीने घातलेतही. ओढणाऱ्याचं स्वातंत्र्य, मालकाचा धंदा, धुरापेक्षा वाफ बरी की नाही. बारमध्ये सिगारेट ओढायला बंदी येण्याआधी याच खोलीत मी वर्षानुवर्षं सिगारेटी ओढल्या. माझ्यासमोर ग्लास ठेवताना शंकरराव तोंड फिरवून खोकत. त्यांना सर्दी असेल, असं मी धरून चालायचो. आपण तासाभराने उठून जातो आणि ते दिवसभर तिथंच असतात, हे कधी मनातही आलं नाही.

"गिऱ्हाईक तुटलं तर?" मालकांनी विचारलं.

"तुटू दे," शंकरराव शांतपणे म्हणाले. "वीस वर्षं दुसऱ्यांचं ओढलं मी. आता धुराचा असो की वाफेचा, एक झुरका घेणार नाही."