द्वारकाबाईंच्या हातची चूक

पुण्याजवळच्या मांजरीत नव्या सोसायट्यांच्या मागे पत्र्याची एक लांबट शेड आहे. तिथे ‘नाणेवैभव’ नावाची कंपनी चालते. कंपनी म्हणायचं आपलं! अभिनव नावाचा मालक, टेबलाशी बसणाऱ्या काही बायका आणि पुढच्या काचेच्या केबिनमध्ये गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या दोन-तीन पोरी, की झाली कंपनी. नद्यांची चित्रं असलेली चांदीची नाणी पाडून आणायची, मखमली पेटीतल्या खाचांत बसवायची, पेटी सील करायची आणि हौशी संग्राहकांना विकायची. त्या टेबलावर सगळ्यांत जुन्या होत्या द्वारकाबाई.

नवरा गेल्यावर यवतमाळकडून लहानग्या रूपालीला घेऊन आलेली ही बाई. धुणीभांडी झाली, मेसमध्ये पोळ्या लाटून झाल्या, मग इथे टेकली आणि तिचा हात बसला. कामाला तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पांढरे हातमोजे घालून नाणं कडेनं उचलायचं, चित्राची बाजू वर ठेवायची, खाली ज्या नदीचं नाव छापलंय त्याच नदीचं नाणं वर बसवायचं. गोदावरी, कृष्णा, भीमा, इंद्रायणी. द्वारकाबाईंच्या हातची पेटी तपासायची गरज नसते, असं अभिनव चारचौघांत म्हणायचा. घर भाड्याचं, अंगावर सोनं नाही, पण हे एक वाक्य बाईंचं स्वतःचं होतं. त्यावर त्या जगत होत्या म्हणा ना.

मग टेबलावर नव्यानेच आलेल्या चंपाने घोळ घातला. एका पेटीत कृष्णा दोनदा बसली आणि भीमा गायब. पेटी गेली पेठेतल्या एका गृहस्थांकडे. आता पेठेतला माणूस आणि तक्रार करायची संधी सोडतो, हे मुळातच आक्रीत. पण त्यांनी सोडली. उलट पेटीचा फोटो काढून सगळ्या संग्राहकांना दाखवत सुटले. सीलबंद पेटीत चूक म्हणजे दुर्मीळ वस्तू! लोकांना तसलीच पेटी हवी झाली, मागतील ती किंमत द्यायला तयार. माणसांना कशाची हौस असेल, सांगता येत नाही.

अभिनवच्या डोक्यात लगेच चक्रं फिरली. त्याने द्वारकाबाईंना बाजूला बोलावलं आणि अधूनमधून एखादी पेटी चुकवत जा, म्हणून सांगितलं. तुमच्या हाताला सफाई आहे, चूक खरी वाटेल, हेही वर. बाईंना वाटलं, साहेब चेष्टा करतायत.

“काहून चुकवायची, साहेब?” त्यांनी विचारलं.

त्यावर त्याने रूपाली कशी आहे, कामात रुळली का, एवढंच विचारलं. रूपाली बी.कॉम. होऊन नुकतीच काचेच्या केबिनमध्ये लागली होती, अजून कायम व्हायची होती. बाई काय समजायचं ते समजल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भीमेच्या खाचेत कृष्णा बसवली. आपणच रांधलेल्या वरणात आपणच खडा टाकावा, तसं त्यांना झालं. लेकीचं भलं होतंय ना, अशी मनाची समजूत घालत त्यांनी चुका केल्या, आणि केल्या त्याही नीटनेटक्या. तिथेच घात झाला. पुढे एका प्रदर्शनात कोणीतरी तसल्या पेट्या शेजारी शेजारी मांडल्या, तर सगळ्यांत एकच चूक, एकाच जागी. संग्राहक खवळले. ठरवून केलेली चूक ही चूक नव्हे, फसवणूक आहे, म्हणून फोनवर फोन. अभिनवच्या तोंडचं पाणी पळालं.

बळीचा बकरा शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. टेबलावरच्या बाईला दिसत नाही आणि तिने ते कंपनीपासून लपवलं, असं ठरलं. तिनेच माफी मागायची, मोबाइलवर चित्रित करून सगळ्यांना पाठवायची. काय बोलायचं ते रूपालीने लिहून आणलं आणि मोबाइलही तिनेच धरला.

“माहे डोळे चांगले हायेत, रूपा,” बाई म्हणाल्या.

“माहितीये गं मला. एकदाच म्हण. उद्या माझं लेटर निघणारे.”

बाईंनी म्हटलं. अभिनवला ते पटेना, बाई फार धडधाकट दिसतायत म्हणे. तेव्हा रूपाली वॉचमनचा जाड भिंगांचा चष्मा मागून घेऊन आली आणि तिने तो स्वतःच्या हाताने आईच्या डोळ्यांवर चढवला. आता बाईंना खरंच काही दिसेना. डोळ्यांना पाणी लागलं, शब्द अडखळले. “परफेक्ट,” रूपाली म्हणाली. त्याच संध्याकाळी द्वारकाबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

पुढे त्यांनी कामं कमी शोधली का? औषधांच्या पॅकिंगला गेल्या, तिथल्या सुपरवायझरने तो व्हिडिओ पाहिलेला. त्याने बोटं समोर नाचवून किती आहेत म्हणून विचारलं आणि सगळे हसले. भाजीवालासुद्धा म्हणायला लागला, मावशी, नोट नीट बघून द्या. घरी रूपाली फोनमध्ये डोकं घालून जेवायची. हा विषय निघाला की, झालं ते झालं, एवढंच म्हणायची.

कंपनीत येणारा प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो आणि तक्रार मालकाला ऐकावीच लागते, हे बाईंना ठाऊक होतं. नोकरी नको, माफी नको. आपलं खरं एकदा कुठेतरी जमा व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं. एका दुपारी त्यांनी कंपनीचा तक्रारीचा नंबर लावला.

“नमस्कार, नाणेवैभव. मी रूपाली. काय मदत करू आपल्याला?”

बाई फोन ठेवणार होत्या. ठेवला नाही. पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं. “पेट्या भरणाऱ्या बाईची चूक नव्हती. तिला करायला लावली. तिला चांगलं दिसतं. एवढं लिहून घ्या.”

पलीकडे कीबोर्डवर बोटं वाजली.

“त्या बाईंना कंपनीने काढून टाकलंय, मॅडम. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.”

“रूपा, मी बोलून राहिली.”

“अजून काही तक्रार आहे का आपली?”

नाही, म्हणाल्या बाई.

संध्याकाळी रूपाली आली, हातपाय धुऊन ताटावर बसली. पहिला घास तोंडात घालताना म्हणाली, “नशीब समज, फोन मी उचलला. सरांनी ऐकायच्या आत रेकॉर्डिंग डिलीट करून टाकलंय.” मग तिने आमटी मागितली. द्वारकाबाईंनी वाढली.