दत्ताभाऊ माइकवर, मी लॉगवर

"इक्बाल, हे शब्दाला शब्द आहे का?"

मिस नूफने एक कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. रविवारची सकाळ होती. रियाधमधलं आमच्या कंपनीचं ऑफिस, दुसरा मजला. कागद मीच लिहिलेला होता. त्यातलं वाक्य न् वाक्य खरं होतं आणि तो लिहिताना मला जितका आनंद झाला तितका स्वतःच्या निकाहच्या दिवशीही झाला नव्हता.

"शब्दाला शब्द, मिस," मी म्हणालो. चेहरा जमेल तितका दुःखी ठेवला.

आमची कंपनी मोठमोठ्या प्रोजेक्टना माणसं पुरवते. वेल्डर, प्लंबर, फोर्कलिफ्टवाले. अल खर्जपासून हुफूफपर्यंत कॅम्प पसरलेले. प्रत्येकाच्या मोबाइलवर कंपनीचं एक ॲप असतं. त्यात पगाराची स्लिप, सुट्टीचा अर्ज आणि एक रेडिओ, जो बाहेरच्यांनाही ऐकता येतो. रेडिओवर मल्याळम, उर्दू, बांगला आणि शुक्रवारी दुपारी एक तास मराठी. मी तिथला साउंड इंजिनिअर. मूळचा श्रीवर्धनकडचा. मराठीला निवेदक मिळेना म्हणून सुरुवातीला तो तासही मीच करायचो. गाणी, हवामान आणि 'पाणी भरपूर प्या'. तासाला दोन फोन यायचे. त्यातला एक माझ्या मेहुण्याचा.

मग एका शुक्रवारी माझा घसा बसला. तास भरायला कोणीतरी हवं होतं. अल खर्जच्या कॅम्पात दत्ताराम घाग नावाचा स्टोअरकीपर होता. संगमेश्वरचा. हेल्मेट आणि हातमोजे वाटायचं काम. पण आवाज असा, की हातमोजे देतानाही आशीर्वाद देतोय असं वाटावं. त्याला मी बोलावलं. मीच. घरात ही गोष्ट दिवसातून दोनदा निघते, म्हणून इथेही दोनदा लिहितो. मीच.

त्याने गाणी लावलीच नाहीत. माइक जवळ ओढला आणि म्हणाला, "मी जुन्या वळणाचा माणूस हाय. पटलं नाय तर फोन करा."

लोकांनी फोन केले. याला टॉक रेडिओ म्हणतात. एक जण ठाम मत मांडतो, बाकीचे फोन करून भांडतात आणि ते भांडण हाच कार्यक्रम. दत्ताभाऊंची मतं माझ्या आजोबांनाही जुनी वाटली असती. प्रेमविवाह नको. कॅम्पात रील करणाऱ्या पोरांना गावी परत पाठवा. बाई कामाला गेली की घरची चूल थंड. हे ते कोणाला सांगत होते, तर रोज रात्री स्वतःची डाळ स्वतः शिजवणाऱ्या पुरुषांना. एकदा ते म्हणाले की गल्फमध्ये येणाऱ्या नर्सबायांनी आधी आपलं घर सांभाळावं. पुढच्या शुक्रवारी मदिनेहून एका नर्सचा फोन आला. तिने वीस मिनिटं त्यांना सोलून काढलं. शेवटी म्हणाली, "आणि बीपीची गोळी वेळेवर घेत जा, आवाजावरून कळतंय." भाऊ म्हणाले, "घेतो हां बाय." त्यानंतर ऐकणारे दुप्पट झाले. असा दर दोन महिन्यांनी एक वाद आणि दर वादाला भाऊ आणखी मोठे.

मी स्टुडिओच्या काचेच्या अलीकडे. आवाज वर-खाली करत.

रियाधमधल्या बथाच्या बाजारात एकदा दुकानदाराने माझ्या गळ्यातलं आयकार्ड बघितलं. "तुम्ही भाऊंच्या रेडिओत? भाऊ बसतात ती खुर्ची बघितलीय तुम्ही?" ती खुर्ची दर शुक्रवारी मी पुसतो, हे मी त्याला सांगितलं नाही. घरी मुलगी म्हणाली, "अब्बा, ही इज सो राँग, बट ही इज सो फनी." माझ्याबद्दल तिने यातलं एकही विशेषण आजवर वापरलेलं नाही.

आता लॉगबद्दल. प्रत्येक कार्यक्रमानंतर त्यात काय बोललं गेलं याचा इंग्रजीत एक पानी गोषवारा लिहायचा असतो. तो रेडिओच्या मॅनेजरकडे जातो. मॅनेजर म्हणजे मिस नूफ. तिशीतली सौदी बाई, हुशार, स्वतः गाडी चालवत येते. मराठीचा एक शब्द कळत नाही. म्हणजे मराठी तासात काय चाललंय हे तिला फक्त माझ्या कागदावरून कळणार.

आणि अकरा महिने माझ्या कागदावर काय होतं? "निवेदकाने कौटुंबिक मूल्यांवर चर्चा केली." नर्सच्या आठवड्याला मी लिहिलं होतं, "आरोग्यक्षेत्रातील महिलांशी संवाद. रक्तदाबाबाबत जनजागृती." खोटं म्हणाल तर खोटं नाही. सुरुवातीला मी हे भीतीपोटी केलं. कार्यक्रम बंद झाला तर मराठी येणारा इंजिनिअर ठेवतील कशाला? पुढे सवय झाली.

मग तो शुक्रवार आला. भाऊ रंगात होते. म्हणाले, "ज्या हापिसात बाई सायब असते ना, तिथं पुरुष माणूस रजा मागायला जातो आणि माफी मागून येतो."

मी फेडरवर बोट ठेवून बसलो होतो. फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी. ती खाली ओढली असती तर वाक्य अर्ध्यात गेलं असतं. मी नाही ओढली. मला एकदम हलकं वाटलं. हा माणूस स्वतःच्या पायाने चालत आला होता, मी फक्त दार उघडं ठेवायचं होतं.

शनिवारी घरी बसून लॉग लिहिला. पहिल्यांदाच पूर्ण. ते वाक्य इंग्रजीत नीट बसेपर्यंत चार वेळा खोडलं. खाली लाल रेघही मारली. बायको शमीम इंडियन स्कूलमध्ये शिक्षिका आहे, तिला इंग्रजी तपासायला दिलं.

तिने वाचलं. "इतके दिवस नर्सला जनजागृती लिहिणारे तुम्हीच ना?"

"आता हद्द झाली. बायकांबद्दल असं बोलणं मला खटकतं."

"तुम्हाला त्याचं बोलणं खटकत नाही, त्याला येणारे फोन खटकतात." तिने कागद परत दिला. "मी नोकरी करते. मला त्याचं बोलणं खटकतं. पण मी कधी लाल पेन घेतलं?"

स्पेलिंगच्या दोन चुका मात्र तिने दुरुस्त केल्या.

तर, रविवार सकाळ. मिस नूफने तो कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "त्याला थांबव. या शुक्रवारी शो तू कर."

मी आठवडाभर तयारी केली. विषय निवडला: 'बदलते जग आणि आपण'. शर्ट इस्त्री केला, रेडिओसाठी. शुक्रवारी दोन वाजता लाल दिवा लागला आणि मी म्हणालो, "नमस्कार, मी इक्बाल. आज आपण मोकळेपणाने बोलणार आहोत."

पहिला फोन हुफूफहून. "भाऊ कुठंयत?"

"भाऊ आज नाहीत. पण आपला विषय आहे..."

"आजारी हायत काय?"

"नाही. तुमचं मत काय, जग बदलतंय का?"

"भाऊंना इचारून सांगतो."

दुसरा फोन, "भाऊंना द्या." तिसऱ्याने विचारलं, "तुम्ही ते पाणी प्या वाले काय?" चौथा फोन आलाच नाही. रेडिओवर कोणीच बोलत नाही त्या शांततेला आम्ही डेड एअर म्हणतो. आमच्या धंद्यात ही सर्वात मोठी नाचक्की. मी काचेपलीकडे बघितलं. आवाज सांभाळायला तिथे कोणी नव्हतं, कारण तो माणूस मीच होतो आणि मी इकडे बसलो होतो. उरलेली पस्तीस मिनिटं मी गाणी लावली. शेवटी पाणी भरपूर प्या म्हणालो. हे ठरवून नाही झालं, तोंडातून गेलं.

पुढच्या रविवारी पुन्हा बोलावणं. केबिनमध्ये भाऊ आधीच उभे होते, कॅम्पचा निळा शर्ट घालून. टेबलावर कागदांचे दोन गठ्ठे.

"भाऊंना काढायचं तर एचआरला पूर्ण फाइल लागते," मिस नूफ म्हणाली. "म्हणून मी जुने सगळे एपिसोड बाहेरून भाषांतर करून घेतले. हा त्यांचा गठ्ठा. हा तुझ्या लॉगचा."

तिने दोन्हीतलं एकेक पान उचललं. "इथे एक नर्स म्हणते, तुमच्यासारख्यांना इंजेक्शन देताना माझा हात मुद्दाम थरथरतो. आणि इथे तू लिहितोस, रक्तदाबाबाबत जनजागृती."

पुढच्या महिन्यात माझा इकामा रिन्यू व्हायचा होता. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि तो कंपनीने केला तरच होतो. शमीमचा आणि मुलीचा माझ्याच इकाम्यावर. मुलीचं दहावीचं वर्ष.

"अकरा महिने तू त्याला वाचवलंस," ती म्हणाली. "मग एका आठवड्यात अचानक सगळं खरं. लाल रेघेसकट. काय झालं त्या आठवड्यात?"

मी म्हणालो, "मिस, त्या आठवड्यात ते तुमच्याबद्दल..."

"माझ्याबद्दल. म्हणजे मी चिडेन हे तुला माहीत होतं."

भाऊंना इंग्रजी कळत नाही. त्यांनी मला हळूच विचारलं, "काय म्हणते ती?"

"तुमचं जुनं बोलणं मी लॉगमध्ये सौम्य करून लिहायचो, ते सापडलं."

भाऊंचे डोळे भरून आले. खरंच. "इक्बालभाय, अकरा महिने माझ्यासाठी तुम्ही हे करत होतात? मला म्हायतीच नाय." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्या माणसाने मला शिवी दिली असती तर फार बरं झालं असतं.

मिस नूफने त्यांना विचारलं, "या खुर्चीत बाई बसू नये असं तुम्हाला वाटतं?" मी भाषांतर केलं.

भाऊ म्हणाले, "होय. माझं मत तेच हाय. पण खुर्ची तुमची हाय आणि मी तुमच्यापुढं उभा हाय. खोटं कशाला बोलू?"

हेही मी भाषांतर केलं. ती थोडा वेळ पेन टेबलावर आपटत राहिली. मग म्हणाली, "हे मला ऑन एअर सांगा. शुक्रवारी. मी उत्तर देईन. इक्बाल मध्ये बसेल. आणि इक्बाल, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तुझा इकामा मी बघेन. खलास."

तो शुक्रवार आमच्या रेडिओवर सर्वात जास्त ऐकला गेला. आवाज सांभाळायला मल्याळम तासाचा इंजिनिअर आणला होता. मी दोघांच्या मधल्या खुर्चीत. पुन्हा माझ्यासमोर माइक होता आणि त्यातून बाहेर पडणारं एकही वाक्य माझं नव्हतं.

दोघं मनसोक्त भांडली. हुफूफहून एकाने विचारलं, "मॅडमच्या घरी जेवण कोण करतो?"

"वडील," ती म्हणाली. "आई मागे उभी राहून त्यांच्या चुका काढते."

"आमच्याकडं पण असंच," भाऊ म्हणाले. "फक्त जेवण बायको करते आणि चुका मी काढतो."

"आणि इथे कॅम्पात चपात्या कोण लाटतं?" तिने विचारलं.

"मीच. पण मनाविरुद्ध."

शेवटची दोन मिनिटं उरली. मिस नूफ माइककडे झुकली आणि इंग्रजीत म्हणाली, "यांचं एकही मत मला मान्य नाही. पण अकरा महिने एक शब्द कळत नसताना मी दर शुक्रवारी यांचा आवाज ऐकत होते. दुसऱ्या कोणाचा शो मी शेवटपर्यंत ऐकलेला नाही."

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

हे वाक्य मला मराठीत म्हणायचं होतं. माझ्या तोंडाने, सगळ्या कॅम्पांना ऐकू जाईल असं. 'मॅडमना कार्यक्रम आवडला' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. लॉगची सवय हाताशी होती. भाऊंना कळलं नसतं. पण शुक्रवारचा कार्यक्रम आता भाषांतराला बाहेर जातो, हे मला माहीत होतं. आणि मध्ये चार सेकंद डेड एअर गेली होती, माझ्या वाट्याला आलेली दुसरी.

मी म्हणालो. पूर्ण. 'दुसऱ्या कोणाचा' या शब्दांवर माझा आवाज थोडा घसरला, तो रेकॉर्डिंगवर आहे.

इकामा रिन्यू झाला. भाऊंना लेखी वॉर्निंग मिळाली आणि स्टोअरमधून कायमची सुटका; आता ते रेडिओवर फुल टाइम आहेत. मिस नूफ महिन्यातून एकदा त्यांच्याशी भांडायला येते, तेव्हा मी मध्ये बसतो. बाकीचे शुक्रवार काचेच्या अलीकडे. लॉग आता बाहेरची एक बाई लिहिते, आणि मी वाचले आहेत, ती चांगलं लिहिते. तिचाही थोडा राग येतो.

नव्याने या कामात येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. लॉग खरा लिहायचा असेल तर पहिल्या आठवड्यापासून लिहा. मध्येच कधीतरी खरं लिहायला लागलात तर कोणी त्याला लॉग म्हणत नाही, तक्रार म्हणतात, आणि मग तक्रार कोणी केली हे आधी बघतात.