बर्फातलं घर आणि पंखे

मुलगी पुण्याला नोकरीवर परत जाताना जुना लॅपटॉप आमच्याकडे ठेवून गेली आणि त्यातला घरसंसाराचा खेळ तिच्या बाबांना शिकवून गेली. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे यांना घरी बसणं भाग होतं, आणि यांना घरी बसवणं म्हणजे माझ्या डोक्याला ताप. आर्वीतलं आमचं कापडाचं दुकान तेव्हा मी एकटी सांभाळत होते.

खेळात जपानसारखा एक डोंगराळ मुलूख होता. बर्फ, बांबू, गरम पाण्याची कुंडं, सरकती दारं. तिथे आपल्यासारखी माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, जेवू घालायचं, झोपवायचं. मुलीने आम्हा दोघांना तिथे वसवून दिलं. माझी बाहुली माझ्यापेक्षा बरीच सडपातळ होती, म्हणून मी काही बोलले नाही.

तिथले लोक चपला दाराशी काढतात हे पाहून यांचा जीव त्या मुलखावर जडला. पण बाहेर बर्फ पडतोय आणि यांनी पहिली खरेदी कशाची करावी? छताच्या पंख्यांची. खोलीखोलीत! मी म्हटलं, अहो, माणसं काकडून मरतील. तर म्हणे, पंख्याबिना घर असते काय? आमच्याकडे मे महिन्याचं ऊन, कूलर नुसता घरघर करून राह्यलेला. माणसाचं तरी काय चुकलं!

मला मात्र त्या डोंगराचं वेड लागलं. बर्फ एकदा डोळ्यांनी पाहायचाच, असं लग्न झालं तेव्हापासून मनात होतं. हे दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलत आले. निदान खेळात तरी दोघं मिळून शिखरावर जाऊ, असं मी यांना बजावून ठेवलं होतं.

एका दुपारी दुकानातून जेवायला आले, तर यांची बाहुली शिखरावर! सोबत खेळातले शेजारी, आणि फोटो काढणं सुरू. मी कुठे आहे, म्हणून विचारलं. यांनी मुकाट्याने घर दाखवलं. मी पंख्याखाली भांडी घासत होते, थंडीने निळी पडून.

माझं टाळकंच सटकलं. खेळातही मला घरीच ठेवलंत, म्हणून नाही नाही ते बोलले. लग्नापासूनचं साठलेलं सगळं बाहेर आलं. ताटही वाढलं नाही.

यांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "तुले सवडच नसते, असं वाटलं मले."

"इचारलं काय मले?"

"नाई इचारलं."

यांनी फोन उचलला आणि माझ्यासमोर मुलीला सांगितलं, की डिसेंबरात आम्हा दोघांची हिमाचलची तिकिटं काढ. मला रडूच कोसळलं. आणि त्या रडण्यात तोंडातून निघालं काय, तर ऐन लग्नसराईत दुकान कोण पाहील?

"बंद ठेवू," हे म्हणाले.

स्वतःच्या वडिलांच्या तेरवीलाही संध्याकाळी शटर उघडणारा माणूस!