ठाकुर्लीची चिंगी, बीडीएस

जिथे जन्मलो तिथेच दवाखाना टाकू नये, हे कॉलेजात कोणीतरी शिकवायला हवं होतं. मी ठाकुर्लीत जन्मले आणि दातांचा दवाखानाही ठाकुर्लीतच काढला, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर. काढलेले दात टाकून देता येतात हो. किस्से कुठे टाकणार?

*

अगदी सुरुवातीची गोष्ट. बाहेर एक नवे गृहस्थ बसलेले. कडक इस्त्री, सुजलेला गाल. तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या सावंतकाकू दारातूनच ओरडल्या, "चिंगे, आहेस काय गं आत?"

चिंगी म्हणजे मी.

"आहे काकू, बसा ना जरा."

"बसते कसली! पायावर घेऊन न्हाऊ घातलंय तुला. आधी माझी दाढ बघ!"

बघितली. काकूंना सोडायला बाहेर आले, तर गृहस्थ चपला घालत होते.

"अहो, या ना आत."

"नको, घाई नाही. मोठ्या डॉक्टर आल्या की येतो!"

*

जाधव सरांनी मला आठवीला भूमिती शिकवलेली. सर खुर्चीत आडवे झाले, तरी दरारा उभाच!

"सर, आ करा."

"पोक काढू नकोस. सरळ उभी राहा."

राहिले. आता सरळ उभं राहिल्यावर दात कसा दिसणार? वाकले की सर ओरडायचे. शेवटी कसंबसं इंजेक्शन दिलं. अर्धं तोंड बधीर झालं तरी सर बोट नाचवत मला काहीतरी समजावत होते.

आठवीत जेवढं कळायचं, अगदी तेवढंच कळलं!

*

आई वरच्याच मजल्यावर राहते. संक्रांतीला मी आत एकाच्या दाढेला कॅप बसवून सांगतेय, "आज कडक काही खाऊ नका हां." आणि बाहेर आई पेशंटना तिळाचे लाडू वाटतेय! त्या वर्षी पाक जरा पुढे गेलेला. लाडू कसले, खडीच ती!

पेशंट बाहेर गेला आणि तस्साच परत आला. हातात लाडू, लाडवात कॅप.

मी आईवर भडकले. ती एकदम शांत.

"मग? आला ना परत तुझ्याकडेच?"

*

वैतागून मी ठाण्याला, वर्तकनगरमध्ये, आठवड्यातून एक दिवस बसायला लागले. म्हटलं, इथे आपल्याला कुत्रं ओळखत नाही. पहिलीच पेशंट दर वाक्याला "मॅडम" म्हणत होती. काय बरं वाटलं सांगू! बरोबर तिची सासू आलेली. ती मात्र माझ्याकडे टक लावून बघतेय.

"अगं, तू ठाकुर्लीच्या सुर्व्यांची चिंगी ना? माझं माहेर तुमच्या मागच्या चाळीतलं!"

"मावशी, मास्कमधून ओळखलंत?"

"भुवया बापाच्या आहेत की!"

तेव्हापासून वर्तकनगरमध्येही मी चिंगीच. चिंगी मॅडम, एवढाच काय तो फरक!

*

आणि हा एक. माझं लग्न ठरायच्या आधी डोंबिवलीचं एक स्थळ आलेलं. मुलगा आणि त्याची आई. पोहे दोनदा मागून घेतले, बाबांशी गप्पा रंगल्या. मलाही मुलगा आवडलेला, खोटं कशाला बोलू? जिना उतरताना त्याची आई गोड हसून म्हणाली, "कळवतो हं!"

नंतर कितीतरी दिवस फोन वाजला की बाबा जेवता जेवता उठायचे. कधी गॅसवाला, कधी लोन हवंय का विचारणारी बाई. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, जेवा आता."

मध्ये बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, दवाखाना झाला. आणि परवा दारात कोण? तोच मुलगा! टक्कल पडलेलं, गालावर रुमाल, सोबत आई. अक्कलदाढ आडवी आलेली. आमची बिल्डिंग दोघेही विसरलेले, आणि मास्कमुळे मलाही ओळखलं नाही.

एक्स-रे बघितला. मास्क खाली केला आणि म्हटलं, "काढावी लागणार."

त्याच्या आईने माझ्याकडे बघितलं आणि पर्स घट्ट छातीशी धरली. त्याचं लक्ष मात्र इंजेक्शनच्या सुईकडे.

"डॉक्टर," त्याने घाबरत विचारलं, "खूप दुखेल का हो?"

मी सावकाश ग्लोव्हज चढवले.

"कळवते हं!"